न आलेल्या चढाया

कुणी ‘फार’ म्हटलं, की त्यांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे जायचा.

“काल फार पाऊस झाला हो.”

“फार म्हणजे किती?”

समोरचा आभाळाकडे बघायचा. मग तेच सांगायचे, मिलिमीटरमध्ये, दशांश चिन्हासकट. कारण सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पर्जन्यमापक पाहून आलेले असायचे. कचेरीत कुणी “आज फार काम आहे” म्हणायलाही बिचकत असे. तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल. असला तर तुम्ही त्याला जेवायला बोलावलं असणार आणि जेवण ‘थोडंसंच’ केल्याचं सांगून फसलाही असणार.

पोलादपूरच्या पंचायत समितीत मी कनिष्ठ लिपिक होतो आणि ते विस्तार अधिकारी, सांख्यिकी. आता ‘सांख्यिकी’ हा शब्द डोंगरातल्या माणसांच्या जिभेला कसा वळायचा? कुणी ‘सांखीसायब’ म्हणे, कुणी ‘शंखीसायब’. घसरत घसरत ते ‘शंकासायब’वर येऊन थांबलं आणि तिथंच चिकटलं. शंका काढणं हाच तर त्यांचा धंदा. कचेरीतले आम्ही सगळे मग त्यांना शंकासाहेबच म्हणू लागलो. आधी त्यांच्या माघारी, पुढे समोर. त्यांनी एकदाच विचारलं, “एकूण किती जण असं म्हणतात?” आम्ही म्हटलं, सगळेच. मग हरकत नाही, म्हणाले.

अंगानं काटकुळे, पांढरा बुशशर्ट, खिशात लांबट दुमडलेली वही. महाडच्या बौद्ध वस्तीतले. मुंबईला शिकून संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेले आणि परत येऊन इथंच नोकरी धरलेले. मीही महाडचाच. रोज सकाळी एकाच एसटीनं आम्ही पोलादपूरला जायचो. रस्त्याची वळणं मला पाठ होती, त्यांना त्यांची संख्या.

एकदा पीक कापणी प्रयोगासाठी त्यांच्याबरोबर कुडपणला गेलो होतो. नाचणीचं शेत होतं. शेताचा नेमका कुठला तुकडा कापून मोजायचा, हे ते छापील आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवत. त्या दिवशी आकडा निघाला तो नेमका बांधालगतच्या खुरटलेल्या कोपऱ्याचा.

“सायब, हितं काय हाय?” शेतकरी कळवळला. “तिकडं बगा की, कशी कणसं लागल्यात!”

“तिकडचा आकडा निघाला नाही.”

“आकड्याला काय कळतंय नाचणीतलं?”

“काहीच नाही. म्हणून तर त्याचं ऐकायचं.”

शेतकऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “सायबांचं बरं हाय ना?”

हे सगळं ठीक होतं. नोकरीच होती ती. पण शंकासाहेबांना खरा नाद होता कबड्डीचा. आमच्याकडे तो कुणाला नसतो? भात झोडून झालं की वाडीवाडीत मैदानं आखली जात. मी आमच्या कबड्डी मंडळाचा गुणलेखक. टेबलामागं बसून कुणी किती गडी बाद केले, किती पकडी झाल्या, लोण कितवा, हे लिहायचं माझं काम. माझ्या शेजारच्या खुर्चीवर रविवारी दुपारी शंकासाहेब येऊन बसत, आणि मी जे लिहीत नाही तेवढंच लिहीत.

“तुम्ही गुण लिहिता,” ते म्हणत. “चढाईवाला कुठं गेला, कुठून परतला, कुणाला बघून परतला, हे कोण लिहिणार?”

“त्याचा गुण मिळत नाही ना साहेब.”

“म्हणून तर कुणी लिहीत नाही.”

या वहीपायी एकदा ते पोलिसाच्या हाती सापडले होते. ते दिवस मटक्याचे. नवीन आलेल्या एका हवालदारानं पाहिलं, की एक काटकुळा माणूस मैदानाच्या कडेला बसून सारखे आकडे लिहितोय.

“कधीपासून चालू आहे हे?”

“दोन वर्षं झाली,” शंकासाहेब म्हणाले.

“आकडा कुठून येतो?”

“समोरून. मैदानातून.”

हवालदारानं दंडाला धरलं. मी धावत गेलो, खुलासा केला. हवालदार सोडून निघाला, पण आता शंकासाहेब त्याला सोडीनात. आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपणहून त्यांच्या आकड्यांची चौकशी केली होती! अर्धा तास त्यांनी त्याला रकाने समजावले. पुढे तो हवालदार आम्हाला पाहून रस्ता बदलत असे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

त्या वेळी आमच्या जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. अलिबागला जिल्ह्याच्या स्पर्धा भरायच्या आणि महाड-पोलादपूरचा मिळून आमच्या मंडळाचा एक संघ तिथं जायचा. त्या वर्षी डाव्या कोपऱ्याला कोण, यावरून वाद पेटला. एक होता नाते गावचा दत्ता. देखणा गडी. चढाईवाल्याच्या घोट्यावर असा झेपावायचा की बाया-पोरं ओरडत उठायची. दुसरा दासगावच्या बौद्धवाडीचा काशीराम. सावित्रीच्या खाडीत होडीवर रेती काढायचा. छातीएवढ्या पाण्यात, वाहत्या ओढीत तासन्‌तास उभं राहायची सवय. मैदानातही तो तेच करायचा. उभा राहायचा. चढाईवाला आला की अर्धं पाऊल पुढं, अर्धं मागं, बस्स. झेप नाही, आरडाओरडा नाही. माझ्या गुणपत्रकात त्याच्या नावापुढं पकडी दिसायच्या त्या दत्ताच्या निम्म्या.

मंडळाचे अध्यक्ष आप्पा. भातगिरणीचे मालक आणि जुन्या काळचे नावाजलेले चढाईवाले. संघाची निवड त्यांच्या गिरणीच्या पडवीत, कोंड्याच्या पोत्यांवर बसून व्हायची.

“पकडी कोनाच्या जास्ती?” आप्पांनी मला विचारलं.

“दत्ताच्या.”

“मग झालं की. लिवा दत्ता.”

शंकासाहेब मंडळाचे सभासद होते. त्यांनी वही उघडली. “आप्पा, दत्ताच्या पकडी मान्य. पण तो झेपावला आणि चढाईवाला निसटला, असं किती वेळा झालं?”

“ते कोन मोजतं?”

“मी. जवळजवळ पकडींइतकंच. म्हणजे तो एका हातानं गुण आणतो आणि दुसऱ्या हातानं देतो. आता काशीराम बघा. त्याच्या बाजूला बहुतेक चढाया येतच नाहीत. गडी मध्यरेषा ओलांडतो, डाव्या कोपऱ्याकडं बघतो आणि उजव्या कोपऱ्याकडं वळतो. मग उजवीकडचे लोक त्याला धरतात. पकड लागते त्यांच्या नावावर.”

“म्हंजे काशीरामानं काय केलं?”

“चढाई येऊ दिली नाही.”

“अवो, आलीच नाय ती चढाई तुमी मोजली कशी?” आप्पा पोत्यावर मांडी ठोकून हसले. सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो.

आप्पांचे मेहुणे तिथं होते, निवृत्त शाळामास्तर. मास्तर चिकित्सक. त्यांनी चांगला मुद्दा काढला. काही चढाईवाल्यांना मुळातच एक बाजू सोयीची असते. ते उजवीकडे वळले ते काशीरामाला भिऊन की सवयीनं, हे कसं ठरवणार?

शंकासाहेबांचा चेहरा उजळला. असा प्रश्न म्हणजे त्यांना सणाचं जेवण. “तेच मी वर्षभर बघतोय, मास्तर! ओहोटीची वेळ दुपारची असली की काशीराम रेतीवर असतो, सामन्याला येत नाही. तोच चढाईवाला, तेच मैदान, बाकीचे सहा तेच. फक्त कोपऱ्यातला माणूस दुसरा. त्या दिवशी ते डावीकडं बेधडक जातात. हे बघा.”

मास्तर वहीवर वाकले. आप्पांना ते वाकणं आवडलं नसावं.

“शंकासायब,” ते सावकाश म्हणाले, “तुमी त्याला कशापायी वर काडताय ते आमाला कळतं. आपला मानूस तो आपलाच.”

गिरणीचा पट्टा बंद होता, म्हणून ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. आपला म्हणजे कुठला, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. मी त्या मंडळाचा गुणलेखक. वर्षभर त्यांच्या शेजारी बसलेला. ती वही खरी आहे हे तिथं सगळ्यात जास्त मला ठाऊक होतं. मी जमिनीवरचा कोंडा बघत बसलो.

शंकासाहेब तापले नाहीत. त्यांनी वही मिटली, खिशातून दुसरी कोरी वही काढली आणि पट्टीनं रकाने आखायला घेतले. पाच-सात मिनिटं तेवढाच पेन्सिलीचा आवाज.

“मास्तर, पुढचे चार रविवार तुम्ही मोजा. आप्पांचा तुमच्यावर भरवसा आहे. मी मैदानावर पाऊलही टाकणार नाही. माझ्या डोळ्यांत काही दोष असेल तर तो सापडेल.”

आणि खरोखरच ते चार रविवार आले नाहीत. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून गुण लिहिताना मला कसंसंच व्हायचं. दुसऱ्या रविवारी सामने संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी दारातच तांदूळ निवडत होत्या.

“साहेब आहेत?”

“हमरस्त्यावर गेलेत. गोव्याकडं जाणारे ट्रक मोजायला.” वहिनींनी सुपातला खडा काढून फेकला. “घरात बसवेना. सकाळी माझ्या पोळ्या मोजून झाल्या.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“तुम्ही होतात ना त्या दिवशी गिरणीत?”

“होतो.”

“मग?”

वहिनींनी मला थोडा वेळ तसंच उभं ठेवलं, मग पाट सरकवला.

“यांचं एक चुकतं,” त्या म्हणाल्या. “आकडे दाखवले की माणसाला पटतं, असं यांना वाटतं. आप्पांची आमराई आहे ना? तिथला राखणदार वर्षात किती चोर धरतो, ते विचारा की एकदा. मी बाई, मी काय येणार तुमच्या सभेला! तुम्ही विचारा.”

एवढ्यात साहेब आले. चेहरा उन्हानं लाल. मी जुळवाजुळव करू लागलो, “साहेब, त्या दिवशी मी...”

“उत्तरेकडं जाणारे ट्रक दक्षिणेपेक्षा जास्त आहेत,” ते म्हणाले. “परत जातात कुठून, हा प्रश्न आहे.” आणि माझा विषय त्यांनी तिथंच संपवला. मला माफ केलं की मला मोजणीतूनच वगळलं, हे अजून कळलेलं नाही.

चार आठवड्यांनी पुन्हा पडवीत बैठक. मास्तरांनी वही उघडली. त्यांचा स्वर जरा खजील होता. “आप्पा, माझ्या मोजणीत काशीराम यांच्या आकड्यांपेक्षाही चांगला निघतोय.”

तुम्हाला वाटेल, शंकासाहेब खूश झाले असतील. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. “दाखवा. ही कुठली चढाई? नाते गावच्या गड्याची? आणि ही?”

“काशीरामाला बघून परतला.”

“नाही मास्तर. हा गडी म्हातारा आहे. त्याचा दम संपत आला की तो परततोच. ही काशीरामाच्या खात्यात धरता येणार नाही.”

“अहो, माझ्या डोळ्यांदेखत काशीरामानं पाऊल टाकलं!”

“पण त्याआधी तो वळला होता. धरू नका.”

“मी धरणार!”

“मी धरू देणार नाही!”

दोघे हमरीतुमरीवर आले. मास्तर काशीरामाच्या बाजूनं आणि शंकासाहेब विरुद्ध. आप्पा एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे.

“थांबा रे! तुमी दोगं नक्की कोनाकडचे हाय?”

या वेळी मी कोंड्याकडे बघत बसलो नाही. “आप्पा, तुमच्या आमराईतल्या राखणदारानं यंदा किती चोर धरले?”

“माज्या? एक पन नाय.”

“गेल्या साली?”

“नाय. त्याच्या धाकानं कोन फिरकत पन नाय तिकडं.”

“मग तो काहीच करत नाही तर ठेवलाय कशाला?”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, शंकासाहेबांकडे बघितलं, आणि पोत्यावर इतक्या जोरात हात मारला की कोंडा उडून सगळ्यांना शिंका आल्या.

“लिवा रे काशीराम! डावा कोपरा. आनि दत्ताला उजवीकडं घाला. तिकडं चढाया येनार असतील तर झेपा किती घालायच्यात त्या घालू दे.”

शंकासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “दाखला चांगला होता. पण राखणदार नसताना किती चोर येतात, ते बघितल्याशिवाय पुरा होत नाही.” मग थोडं थांबून, “तुमचा नाही ना तो?” मी म्हटलं, वहिनींचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मात्र, मला वाटतं, त्यांनी वळणं मोजली नाहीत.

अलिबागला आम्ही उपांत्य सामन्यात एका गुणानं हरलो. सरळच सांगतो, कारण अशा गोष्टीत शेवटी जिंकायची पद्धत असते. शेवटच्या चढाईत त्यांचा मिशीवाला गडी उजवीकडं घुसला आणि दत्ताच्या मांडीला हात लावून परत गेला. आप्पा माझ्या टेबलाशी येऊन ओरडायला लागले. “तुमचा डावा कोपरा काय करत हुता? हुभा! नुसता हुभा!”

मी आणि शंकासाहेब मुकाट्यानं नळावर गेलो. तिथं तोच मिशीवाला पाय धुवत होता. आप्पा मागोमाग आलेच. मिशीवाल्यानं आप्पांना ओळखलं, वाकून नमस्कार केला.

“डाव्या कोपऱ्याला कोन हुता ओ तुमचा?” त्यानं विचारलं. “पयल्या डावात दोनदा गेलो त्याच्याकडं. मग आमच्या कप्तानानं दम भरला, तिकडं मरायला जायाचं नाय. अख्खा सामना एका पायावर खेळल्यावानी झाला.”

आप्पांनी नळाखाली तोंड धरलं. बराच वेळ ते पाणी तोंडावर घेत राहिले. शंकासाहेबांनी मिशीवाल्याला मात्र अडवलं. “‘तिकडं जायचं नाही’ हे त्यांनी नक्की कितव्या चढाईनंतर सांगितलं?”

त्या पावसाळ्यानंतर मुंबईतल्या एका कारखान्याच्या संघात खेळाडूंची भरती निघाली. संघात घेतलं की नोकरीही. अर्जासोबत खेळाडूची कामगिरी मागवली होती. काशीराम कागद घेऊन पोलादपूरला कचेरीत आला. “सायब, हितं लिवलंय, पकडी किती. माज्या तर कमीच हायत.”

शंकासाहेबांनी दोन दिवस खपून दोन पानं तयार केली. मी ती कचेरीच्या टंकलेखन यंत्रावर टाइप केली. काशीरामाविरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही त्यांनी त्यात घातल्या होत्या. मी म्हटलं, एवढं तरी गाळा. ते म्हणाले, “गाळलं तर उरलेलं कोण खरं मानेल?”

काशीरामाला नोकरी लागली. पेढे घेऊन आला तेव्हा शंकासाहेबांचा पहिला प्रश्न, “त्यांनी आपला कागद वाचला का?”

“काय ठावं नाय, सायब. तितल्या सायबानं घडी घालून खिशात ठिवला. मला कोपऱ्यात हुभा केला नि पाटोपाट चढाया लावल्या. धा-बारा जन आलं.”

माझा चेहरा पडला असणार. दोन दिवसांची मेहनत कुणाच्या तरी खिशात. पण शंकासाहेबांनी पेढा तोंडात टाकला. “म्हणजे त्यांनी स्वतः मोजलं,” ते म्हणाले. “बरं झालं.”

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली, पार विदर्भात. त्यानंतर ते इकडं परतले नाहीत. तिथंच स्थायिक झाले. पुढे काही वर्षांनी तिथंच वारल्याचं वहिनींचं कार्ड आलं. त्यात त्यांनी आजारपणाचे दिवस लिहिले होते, नेमके.

निघाले त्या दिवशी महाडच्या स्टँडवर मी गेलो होतो. काशीराम रजा काढून मुंबईहून आला होता. वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. सामानात एक मोठी लोखंडी ट्रंक होती, ती टपावर चढवायची होती आणि हमाल सापडेना. काशीरामानं एका बाजूची कडी धरली. मी दुसरीकडे जाणार तोच मागून कुणीतरी मला बाजूला सारलं. आप्पा. धोतराचा सोगा खोचलेला, गिरणीतून तसेच उठून आलेले, भुवयांवर कोंडा.

“सर रे तू. तुज्यानं नाय उचलायची.”

काशीराम आणि आप्पा शिडीवरून ट्रंक वर नेऊ लागले. वरून काशीराम ओढतोय, खालून आप्पा खांदा लावून ढकलतायत. शंकासाहेब खाली उभे. दोन्ही हात उगाच हवेत धरलेले, ट्रंक पडली तर जणू तेच झेलणार. “सावकाश आप्पा, सावकाश.”

“काय भरलंय ह्यात, शंकासायब? दगडं?”

“कबड्डी आहे. बारा वर्षांची.”

ट्रंक बसली. आप्पा खाली उतरले, धापा टाकत शंकासाहेबांसमोर उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली. शंकासाहेब चढले. खिडकीतून वहिनींनी आप्पांना नमस्कार केला. आप्पांनी दोन्ही हात जोडले, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ते सोडले नाहीत.

मग ते काशीरामाकडे वळले. “दमलास?”

“नाय जी.”

“मी दमलो. चल, च्या घेऊ.”

स्टँडसमोरच्या हॉटेलात एकच बाक रिकामा होता. आप्पा आधी बसले, सरकले आणि शेजारच्या जागेवर हात थोपटून म्हणाले, “बस रे हितं.” काशीराम बसला. कडेला उरलेल्या जागेत मी टेकलो. पोऱ्यानं तीन कप आणून ठेवले. चहा बराच गरम होता, तरी आम्हाला तो संपवायची घाई नव्हती.